जिल्ह्याचं पुढच्या २० वर्षांचं प्लॅनिंग: बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

ग्रामसभेत, वॉर्डाच्या मीटिंगमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी वाचकांना डोळ्यासमोर ठेवलंय, पण हिशोबाची पद्धत कुठल्याही जिल्ह्याला चालेल.

हे काम डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचं आणि झेडपीचं, आपण कशाला डोकं घालायचं?

घालायलाच पाहिजे, कारण घटनेतच तशी सोय आहे. कलम २४३ झेडडी प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते, ग्रामपंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा आराखडा तिनं करायचा असतो आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य लोकांनी निवडून दिलेल्यांमधून यायला हवेत. पण कर्नाटकात २०१६ ला निवडून आलेल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, पुढची निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हातात गेला. म्हणजे आपल्या वतीनं आकडे वाचून प्रश्न विचारणारा माणूसच टेबलावर नव्हता. अशा वेळी गावातल्या चार पोरांना तरी आकडा कुठून आला, तो कधीचा, तो कशासाठी वापरला एवढं विचारता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. एकदा टाकी, रस्ता, दवाखाना चुकीच्या जागी बांधला की तो पुढं ३० वर्षं तिथंच राहतो, हलवता येत नाही.

बेळगाव जिल्ह्याची आजची लोकसंख्या किती?

मोजलेला शेवटचा आकडा २०११ चा, ४७,७९,६६१. राज्यात बेंगळुरू शहर जिल्ह्यानंतर आपलाच नंबर. २०२१ ची जनगणना कोविडमुळं पुढं गेली, त्यामुळं त्यानंतर कुणी काहीही आकडा सांगितला तरी तो अंदाजच, मोजणी नव्हे.

आता अंदाज कसा करतात ते करूनच बघू. २००१ ला आपण ४२,१४,५०५ होतो. म्हणजे दहा वर्षांत ५,६५,१५६ वाढले, वर्षाला साधारण साडेछप्पन हजार. तेवढेच दरवर्षी वाढत गेले असं धरलं तर २०२७ ला सुमारे ५६.८ लाख होतात. चक्रवाढीनं धरलं, म्हणजे टक्केवारी तीच ठेवली, तर सुमारे ५८.५ लाख. आणि वाढीचा वेग निम्म्यावर आला असं धरलं तर सुमारे ५२.९ लाख. तिन्ही हिशोब बरोबर, फरक फक्त गृहीतकाचा. आणि सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात फरक किती पडला? साडेपाच लाखाच्या वर! २०११ मध्ये अख्ख्या बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती, म्हणजे एका आख्ख्या शहराएवढी माणसं कागदावर आहेत की नाहीत हे गृहीतकावर ठरतं.

माझं मत विचाराल तर खरा आकडा खालच्या बाजूला असेल. १९९१ ते २००१ मध्ये वाढ १७ टक्क्यांच्या पुढं होती, नंतरच्या दशकात १३ च्या आसपास आली, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकात बाईमागं मुलांचं प्रमाण १.७ आलंय. लोकसंख्या पिढीमागून पिढी टिकायला २.१ लागतं. तरी लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण तरुण जोडपी अजून पुष्कळ आहेत, पण वाढ मंदावणार हे नक्की. म्हणून कुठल्या रिपोर्टमध्ये जुनी टक्केवारी तशीच पुढं ओढलेली दिसली तर तिथंच थांबवून विचारा.

२०२७ ची जनगणना झाली की सगळं क्लिअर होईल ना?

बरंच होईल, सगळं नाही. संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. आता फेब्रुवारीत आपल्या भागात काय चाललेलं असतं ते आठवा. गळीत हंगाम जोरात असतो, अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडीकडं ऊसतोड टोळ्या फडाच्या बाजूला खोप्या घालून राहिलेल्या असतात. जनगणनेत माणूस मोजणीच्या काळात जिथं असतो तिथं धरला जायची शक्यता जास्त, मग टोळ्यातली माणसं इथं मोजली जातात आणि पावसाळ्यात ती इथं नसतात. उलट खानापूर तालुक्यातला पोरगा गोव्यात हॉटेलात किंवा पुण्यात कंपनीत असतो, तो तिकडं मोजला जातो, गावात त्याचं घर आहे, रेशनकार्डावर नाव आहे, गणपतीला आणि मतदानाला तो येतो, पण जनगणनेत तो गावचा नाही. गावाच्या यादीत ९०० आणि जनगणनेत ६५० असा फरक दिसला तर घोटाळा झाला असं लगेच समजू नका, दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. पाण्याच्या योजनेला रोज राहणारे किती हे लागतं, यात्रेच्या आणि गणपतीच्या बंदोबस्ताला आलेले किती हे लागतं.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. घरातला कोण कुठं राहतो आणि कुठल्या कारणानं गेला ही माहिती गणकाला (किंवा यावेळी स्वतः मोबाईलवर भरणार असाल तर तिथं) खरी द्या. स्थलांतराचे तक्ते त्यावरूनच तयार होतात.

जन्म कमी झालेत म्हणता, पण बेळगावच्या दवाखान्यांत तर बाळंतिणींची केवढी गर्दी!

हा प्रश्न फार चांगला आहे आणि इथंच बरेच लोक फसतात. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं होते, आई राहते तिथं नाही. खानापूरच्या, बैलहोंगलच्या, चंदगडच्यासुद्धा बायका बाळंतपणाला बेळगावात येतात, सिव्हिलला नाहीतर खासगी मोठ्या हॉस्पिटलला, आणि नोंद शहराच्या खात्यात पडते. त्यात आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सासर निपाणीत, माहेर हुक्केरीत, हॉस्पिटल बेळगावात आणि तीन महिन्यांनी बाळ निपाणीत. नुसती जन्मनोंद बघून शहरात नवीन शाळा आणि खेड्यात शाळा बंद असं ठरवलं तर दोन्हीकडं चुकणार.

त्यापेक्षा अंगणवाडीचं रजिस्टर बघा. आज गावात प्रत्यक्ष राहणारी ० ते ६ वयाची पोरं त्यात वयासकट असतात, त्यांना वजनकाट्यावर उभं केलेलं असतं, पोषण आहार दिलेला असतो. अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्याकडं जी माहिती असते ती जिल्ह्याच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा ताजी असते असा माझा अनुभव आहे.

मग त्या रजिस्टरवरून शाळेचा अंदाज कसा काढायचा?

सोपं आहे. यंदा अंगणवाडीत एक वर्षाच्या आतली जी पोरं आहेत तीच सहा वर्षांनी पहिलीत येणार, आकाशातून कुणी पडणार नाही. समजा गावात एक वर्षाच्या आतली ८, एक ते दोनची ९, दोन ते तीनची १३, तीन ते चारची १४ अशी उतरती ओळ दिसतेय. तर आजची पहिली बरी भरलेली दिसली तरी सहा वर्षांनी वर्गात ८ च असणार, त्यातली दोन इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमधून गेली की ६. खानापूरच्या पश्चिम भागातल्या मराठी शाळांचा प्रश्न असाच आहे आणि तो एका रात्रीत आलेला नाही, रजिस्टरमध्ये सहा वर्षं आधी दिसत होता. आधी दिसला तर दोन गावं मिळून एक चांगली शाळा, गाडीची सोय, शिक्षक पूर्ण असं काहीतरी ठरवता येतं. शेवटच्या वर्षी दिसला तर फक्त कुलूप लावता येतं. आणि जंगलातल्या गावात पोरं कमी आहेत म्हणून शाळाच नको हे मला अजिबात पटत नाही, शिक्षण हक्काच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय ते अंतर बघूनच.

अख्ख्या जिल्ह्याला एकच सरासरी का चालत नाही?

कारण आपला जिल्हा हा एक जिल्हा नाहीच, तेरा हजारांच्या वर चौरस किलोमीटरमध्ये चार वेगवेगळे प्रदेश आहेत. पश्चिमेला खानापूर, भीमगडचं अभयारण्य, कणकुंबीला मलप्रभेचा उगम, धो धो पाऊस, विखुरलेल्या वाड्या आणि बाहेर गेलेली तरुण पिढी. उत्तरेला कृष्णाकाठ, ऊस, साखर कारखाने, आणि ऑगस्ट २०१९ सारखा महापूर. पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्गकडं पाऊस कमी. आणि मधे बेळगाव शहर, जिथं सगळे येतायत. या चौघांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो कुठल्याच गावाला लागू पडत नाही.

आरोग्याचं उदाहरण घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३० हजार लोकांमागं एक, डोंगरी भागात २० हजारांमागं एक. लोकसंख्या घटत असलेल्या घाटातल्या भागात हा निकष लावला की केंद्र वाढायचं सोडाच, आहे तेच कमी करा असं कुणीतरी म्हणणार. पण तिथं मागं उरलेत कोण? म्हातारी माणसं. त्यांना बीपीची गोळी दर महिन्याला लागते, पावसाळ्यात ओढा भरला की रस्ता बंद. तिथं डोकी मोजून भागत नाही, वय आणि अंतर मोजावं लागतं. म्हणून प्लॅनमध्ये तालुकावार वयोगट नसतील तर तो प्लॅन अर्धवट समजा.

शहराला लागून असलेल्या गावांचं काय? आम्ही धड गाव नाही, धड शहर नाही.

हिंडलगा, मच्छे, कंग्राळी, काकती, पिरनवाडी... ही तक्रार सगळीकडं सारखीच आहे आणि रास्त आहे. जनगणनेत लोकसंख्या किमान ५ हजार, पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० असेल तर त्या गावाला सेन्सस टाऊन म्हणतात. २०११ लाच हिंडलगा आणि मच्छे त्यात होते. पण सेन्सस टाऊन हा फक्त जनगणनेचा शिक्का, त्यानं कारभार बदलत नाही, ग्रामपंचायत ती ग्रामपंचायतच राहते.

आता पाण्याचा हिशोब करा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागाला माणशी रोज ५५ लिटर धरतात, गटारयोजना असलेल्या शहराला १३५ लिटर. दहा हजार वस्तीच्या गावाला पहिल्या हिशोबानं साडेपाच लाख लिटर, दुसऱ्यानं साडेतेरा लाख. माणसं तीच, वॉशिंग मशीन तीच, फ्लश तोच, पण कागदावर गाव असल्यामुळं पाणी निम्म्याहून कमी! त्यात भाड्यानं राहणारी उद्यमबागेतली कामगार पोरं, हॉस्टेलची मुलं, त्यांची नावं मतदार यादीत इथं नाहीतच, म्हणजे दहा हजारसुद्धा कमीच धरलेत. उपाय म्हणून वीजमीटरची संख्या बघा, नवीन घराला पहिली गोष्ट हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) कनेक्शन लागतं, त्यामुळं घरगुती मीटर दरवर्षी किती वाढले यावरून वस्ती कुठल्या अंगाला सरकतेय ते जनगणनेची वाट न बघता कळतं.

आणि जमीन. या गावांच्या शिवारात आपला बासमती पिकतो, भाजी पिकते, जी रोज चोर्ला घाटातून गोव्याला जाते. बायपास, रिंगरोड, लेआउट सगळं याच पिकाऊ जमिनीवर येतंय. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनमध्ये कुठलं शिवार पिवळं, म्हणजे रहिवासी, होणार हे लोकसंख्येच्या अंदाजावर ठरतं. अंदाज फुगवला की जास्त जमीन रहिवासी झोनमध्ये जाते, मग प्लॉट वर्षानुवर्षं मोकळे पडतात, ना घर ना पीक. शेतकरी कोर्टात जातो तेव्हा लोक म्हणतात विकासाला विरोध, पण त्यानं फक्त विचारावं की हा आकडा कसा काढला, तर तो प्रश्न अगदी योग्य आहे.

जिल्ह्याची अर्थव्यवस्था वाढतेय की नाही ते कशावरून बघायचं?

सगळे जिल्ह्याचं स्थूल उत्पन्न सांगतात, जीडीडीपी. उपयोगी आहे, पण ते उत्पादन जिथं होतं तिथं धरलं जातं. खानापूरच्या पोरानं गोव्यात कमावलेला पगार गोव्याच्या उत्पन्नात, आणि त्यातून घरी आलेल्या पैशावर गावात जो स्लॅब पडला तो का पडला हे या आकड्यात कुठंच दिसत नाही. उलट एखाद्या तालुक्यात मोठा साखर कारखाना असला की तालुक्याचं उत्पन्न भारी दिसतं, पण माणसं कामाला किती?

म्हणून दुसरा एक हिशोब बघा, त्याला स्थान गुणोत्तर म्हणतात. समजा जिल्ह्यातल्या दर १०० नोकऱ्यांत ६ धातुकामातल्या आहेत आणि राज्यात दर १०० मध्ये ३, तर गुणोत्तर २. एकच्या वर म्हणजे तो धंदा आपण बाहेरच्यांसाठीही करतो आणि बाहेरून पैसा आणतो, एकच्या खाली म्हणजे ती वस्तू आपण बाहेरून घेतो. मग बघायचं की जो धंदा आपल्याकडं जास्त आहे तो राज्यात, देशात वाढतोय की घटतोय. आपल्याकडं जास्त आणि देशात घटता, ही सगळ्यात धोक्याची जागा.

मग आपल्याकडं धोक्याचे धंदे कुठले?

निपाणीची विडी बघा. हजारो बायकांची घरं त्या सुपावर चालली, पण नवीन पिढी ना ओढणार ना वळणार. वडगाव, खासबाग, शहापूरचे पॉवरलूमवाले सुरतच्या मालापुढं आणि सुताच्या भावापुढं दमलेत. तिथं विचारायचा प्रश्न वयाचा आहे: मागावर बसणाऱ्यांपैकी ३० च्या आतले किती? उत्तर जवळपास कुणीच नाही असं आलं तर प्लॅन वेगळा करावा लागतो. म्हाताऱ्या विणकराला पेन्शन आणि सवलतीची वीज, पोराला दुसरं कौशल्य. दोघांना एकच योजना देऊन चालत नाही.

फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांचं, मात्र मी वेगळं धरतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं कास्टिंग, मशिनिंग, हायड्रॉलिक्स या कामात पिढ्यांचा हात बसलाय. हत्तरगीला २००९ पासून विमानाच्या सुट्या भागांचा एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) उभा आहे तो काय हवेतून आला नाही, आजूबाजूला हे काम येणारी माणसं होती म्हणून आला. इंजिनाचे पार्ट ओतणाऱ्यांना इलेक्ट्रिक गाड्यांची झळ बसणार, ट्रॅक्टर आणि पंपाचं काम करणाऱ्यांना कमी. म्हणून नुसतं फाउंड्री किती हे न बघता कोण कुणासाठी काय ओततं याची यादी जिल्ह्याकडं पाहिजे, आणि आयटीआयमधले ट्रेड त्या यादीप्रमाणे बदलले पाहिजेत. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय १९९८ पासून आपल्याच गावात आहे, तरी इंजिनिअर पोरं पुण्या-बेंगळुरूला जातात, हे मला फार लागतं.

उसाबद्दल एकच सांगतो. ऊस, पाणी आणि कारखान्याची गाळप क्षमता हे तीन आकडे एका पानावर मांडल्याशिवाय नवीन कारखान्याला कुणी हो म्हणू नये.

जिल्ह्याचं विभाजन झालं तर हे सगळे आकडे बदलणार ना?

हो. चिकोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे करा ही मागणी जुनी आहे. म्हणून आत्तापासूनच सगळं तालुकावार आणि शक्य तिथं गाववार ठेवा, म्हणजे उद्या सीमा कुठंही गेली तरी बेरीज परत मांडता येते. निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर हे नवे तालुके झाले तेव्हा जुन्या तालुक्याचे आकडे तोडून जुळवताना काय ताप झाला ते ज्यांनी केलं त्यांना विचारा.

मातृभाषेचा आकडा प्लॅनिंगमध्ये येतो का?

येतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत, ज्या भागात १५ टक्के किंवा जास्त लोक ती भाषा बोलतात तिथं महत्त्वाचे नियम, नोटिसा त्या भाषेत द्याव्यात असं ठरलेलं आहे. त्यामुळं जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात जे खरं आहे तेच नोंदवा. आणि गाववार आकडा मागा, जिल्ह्याच्या सरासरीत खानापूर किंवा बेळगाव तालुका दिसत नाही. पाण्याच्या योजनेची नोटीस आजीला वाचता आली तर ती ग्रामसभेत बोलेल, एवढी साधी गोष्ट आहे, यात कन्नडला विरोध कुठंच येत नाही.

अंदाज चुकला तर केलेला सगळा प्लॅन वाया?

एकाच आकड्यावर केला असेल तर हो. म्हणून वरचा, मधला, खालचा असे तीन आकडे धरून काम टप्प्यात तोडायचं. पाण्याचंच बघा, राकसकोप आणि हिडकल इथून येणाऱ्या पाण्यावर शहर चालतं. नवीन पाइपलाइन खालच्या आकड्याला पुरेल एवढी आत्ता टाका, पण खड्डा, जागा आणि पंपहाऊस वरच्या आकड्याला पुरेल असं ठेवा, आणि लिहून ठेवा की मीटरची संख्या अमुक एवढी झाली की दुसरा टप्पा सुरू. तारीख घालू नका, आकडा घाला.

ग्रामसभेत उभं राहून नेमकं काय विचारू?

पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी लेखी पत्र द्या, ऐनवेळी विचारलं तर माहिती नंतर देतो असं उत्तर येतं. पत्रात मागा: गावात आज राहणाऱ्यांचे वयोगट, अंगणवाडीतली वयवार पोरं, ६० वर्षांवरचे किती आणि त्यातले एकटे राहणारे किती, पाच वर्षांत घरगुती वीजमीटर किती वाढले, किती शेती एनए (बिगरशेती) झाली, आणि गावाचा विकास आराखडा करताना लोकसंख्या कुठल्या वर्षाची धरली. शेवटचा प्रश्न विसरू नका. उत्तर २०११ असं आलं तर गेल्या पाच वर्षांचं अंगणवाडीचं आणि मीटरचं टेबल जोडून दुरुस्तीचा ठराव मांडा, ठरावाच्या वहीत नोंद झाली का ते तिथंच बघा आणि सहीशिक्क्याची प्रत घेऊनच घरी या.